एकाहत्तर नंबरचा अभ्रा

थॉर्नबी, ओहायो
१४ सप्टेंबर १९५३

प्रिय ओंद्रेय भावोजी,

मी थॉर्नबी कॉलेजच्या लाँड्रीत कामाला लागले, हे तुम्हाला चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी सांगितलंच असेल. सांगणाऱ्याने पुढे हेही म्हटलं असेल की व्हेरोनाने लाज सोडली, ज्या बर्डेटने तिच्या पोराचं वाटोळं केलं त्याच्याच फुटबॉल टीमचे घामट शर्ट ती धुते. खरं आहे. नोकरी त्यानेच लावून दिली. जूनमध्ये घरी आला, टोपी हातात घेऊन खुर्चीच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "मिसेस हुडाक, कॉलेज आपल्या माणसांना विसरत नाही." माझा मिलान समोरच बसला होता. ज्या कोचसाठी तो दोन वर्षं हेल्मेट घालून समोरच्यांवर आदळत मातीत लोळला, त्याला त्याने ओळखलं नाही. "आज शनिवार ना?" एवढंच विचारलं. रोज सकाळी हेच विचारतो, कारण शनिवारी मॅच असते.

बर्डेटला वाटलं, या बाईचं तोंड बंद झालं. वाटू दे.

गेल्या वर्षीचं तुम्हाला नव्याने काय सांगू? नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या रविवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला होता. मिलान दोनदा ताटावरून उठून गेला, रात्री उशीवर ओकला. सोमवारी मी दुकानातून बर्डेटला फोन केला की पोराच्या डोक्याला मार बसलाय, त्याला बसवून ठेवा. तो म्हणाला, तरुण मुलगा आहे, सूप पाजा. गुरुवारी, सणाच्या दिवशीच्या मॅचला, तुमच्या वेक्सली कॉलेजविरुद्ध त्याला उतरवलं. मॅचच्या चारातल्या दुसऱ्या पाव डावात तो पडला, आणि उठला तो हा मिलान, जो मागच्या अंगणातून स्वयंपाकघरात यायची वाट चुकतो. कॉलेजच्या कागदावर लिहिलंय की आधीच्या दुखापतीची कसलीही तक्रार नव्हती. माझ्या फोनला साक्षीदार नाही. एक साक्षीदार होता, तो अभ्रा. तो मी सोडा घालून, उकळून, इस्त्री करून कपाटात ठेवून दिला.

आता ऐका. खेळाडूंचे शर्ट, पँटी, हेल्मेटच्या आतल्या कापडी गाद्या, त्यांच्या वसतिगृहाच्या चादरी आणि अभ्रे, सगळं माझ्याकडे येतं आणि सगळ्यावर शाईने नंबर असतो. खांद्याला चिकटपट्टी लावली असेल तर तिचा डिंक शर्टाला आतून लागतो. गुडघा बांधलेला असेल तर पँटीचा तेवढा भाग कोरा राहतो. बर्डेट जे डॉक्टरपासून लपवतो ते सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर ढिगाने येऊन पडतं. आणि यंदाच्या नव्या नियमाने तेच अकराजण चढाईलाही असतात आणि बचावालाही. जो बाहेर गेला, तो त्या पाव डावात परत येत नाही. एक दुखरा पोरगा म्हणजे भिंतीला एक भगदाड.

तुम्ही वेक्सलीचं सामानघर सांभाळता. तुमचे कोच प्रेंटिस रोज तुमच्यासमोर उभे असतात. मी कळवेन, तुम्ही त्यांना सांगा. थँक्सगिव्हिंगला बर्डेट स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या लोकांसमोर असा मोडला पाहिजे की त्याला पुन्हा कोणी शाळेच्या पोरांनाही शिकवायला देणार नाही.

तुमची वहिनी,
व्हेरोना

*

वेक्सली
२१ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुम्ही पत्र लिहिता की सदतीस सालच्या गिरणीच्या संपातल्यासारखं ट्रकवर उभं राहून भाषण करता? वाचता वाचता मी टोपी काढून उभा राहिलो. दादा जिवंत असताना म्हणायचा तेच खरं, गिरणीच्या मालकाने व्हेरोनाला घाबरावं, आणि नवऱ्याने तर त्याहून.

दोन दिवस विचार केला. आमच्या धंद्यात हेरगिरी नवी नाही. कॉलेजं एकमेकांना मॅचच्या फिल्मा पाठवतात, त्यातला कामाचा भाग कापून. दुर्बिणी घेऊन माणसं वरच्या बाकांवर बसतात आणि पावसाला शिव्या देत वह्या भरतात. पण धोबीण हेर अजून कोणी ठेवलेली नाही. प्रेंटिस साहेब हे ऐकून हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, दर सोमवारी पत्र येऊ दे.

मिलानला माझा आशीर्वाद सांगा. चर्चमागच्या मोकळ्या जागेत मीच त्याला शिकवलं होतं, खांदा खाली, डोकं पुढे. त्या रविवारच्या जेवणानंतर मी तुमच्याकडे आलो नाही. येववत नाही. तुमच्या हातचा खसखशीचा रोल आठवतो, पण पाय उचलत नाही. राग मानू नका.

तुमचा,
ओंद्रेय

*

थॉर्नबी
१२ ऑक्टोबर

प्रिय भावोजी,

तुमचे पाय उचलत नाहीत ते मला कळतं. तुमचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता. राग कसला मानू?

चार मॅच झाल्या, चारही थॉर्नबीने जिंकल्या. गावात बर्डेटची पूजा चालू आहे. न्हावी त्याचे पैसे घेत नाही, पाद्री प्रवचनात त्याचा दाखला देतो. मी मागच्या बाकावर बसून आमेन म्हणते.

चौसष्ट नंबरचा डावा खांदा गेलाय, डिंक पार बगलेपर्यंत आहे. बावीसचा उजवा गुडघा. तेहतीस तोंडातून रक्त थुंकतो आणि बाहीला पुसतो. आणि आता खरी गोष्ट. एकाहत्तर नंबर.

तो मिलानचा नंबर होता. मला वाटलं होतं, निदान एक वर्ष तो कोणाला देणार नाहीत. पहिल्याच आठवड्यात तो शर्ट माझ्या टेबलावर आला. नवाही शिवला नव्हता भावोजी, तोच होता. बाहीखाली माझं रफू होतं, मीच भरलेलं, निळा दोरा संपला म्हणून मधे चार टाके काळ्याचे. त्यात आता डेल रुपर्ट नावाचा पोरगा घालतात. शेतावरून आलेला, एकोणीस वर्षांचा, भला दांडगा.

दोन रविवार झाले, एकाहत्तर नंबरच्या अभ्र्यावर ओकारी येते आहे. हेल्मेटच्या गादीला कानाजवळ रक्त आहे. मला दुसरं काही बघायला नको, हे मी आधी धुतलेलं आहे. बर्डेटची भिंत तिथेच पोकळ आहे. प्रेंटिसना सांगा, एकाहत्तरवर जा.

व्हेरोना

*

वेक्सली
२६ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र दिलं. प्रेंटिस साहेबांनी ते दोनदा वाचून खिशात घातलं आणि त्याच दुपारी नवी चाल बसवली. दोन आडदांड पोरं पुढे, चेंडू काखेत धरलेला तिसरा त्यांच्या मागे, आणि तिघांनी मिळून समोरच्या एकाच माणसावर आदळायचं. समोर वाळूचं पोतं उभं करून त्यावर खडूने ७१ लिहिलंय. पोरांनी चालीला नावही ठेवलं, लाँड्री. साहेब ओरडतात "लाँड्री" आणि सगळी हसत सुटतात. रोज वीस वेळा चालतं. गुरुवारी पोतं फाटलं. मला शिवायला दिलंय.

आमचीही पोरं काही धड नाहीत. दोघांची बोटं मोडली आहेत, एकाच्या बरगड्या मी रोज सकाळी बांधतो. पण जोश दांडगा आहे.

तुम्हाला हवं होतं ते होणार, वहिनी. मला झोप कमी लागते, वयाचा परिणाम असेल.

ओंद्रेय

*

थॉर्नबी
२ नोव्हेंबर

भावोजी,

पोत्याबद्दल वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. त्याच दिवशी तो आला.

डेल रुपर्ट. आजवर मी त्याचे कपडे पाहिले होते, तोंड पाहिलं नव्हतं. खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला, "आई, कोपराचं शिवून झालं असेल तर माझा शर्ट द्या ना." इथली सगळी पोरं मला आईच म्हणतात. मी शर्ट त्याच्या हातात दिला. तो गेला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आई, माझा शर्ट द्या ना." शर्ट त्याच्या हातातच होता. मी म्हटलं, बाळ, हा काय. त्याने खाली पाहिलं आणि लाजून हसला. मग विचारलं, "आज काय वार आहे?"

मी त्याला आत बसवलं, कॉफी दिली, कुठला, कोणाचा ते विचारलं. बाप नाही. आईचं नाव ओपल, चाळीस गाई एकटी सांभाळते. त्याने तिला काही कळवलेलं नाही, कारण कोच म्हणाले आहेत, मर्द माणूस आईला पत्रात डोकेदुखी लिहीत नाही.

भावोजी, मी बर्डेटचा गळा धरायला निघाले होते आणि माझा हात या पोराच्या मानेवर पडला. त्या पोत्यावर नंबर तुमच्या पोरांनी लिहिला असेल, खडू मी दिला. प्रेंटिसना सांगा, धोबिणीने चूक केली, एकाहत्तर ठणठणीत आहे. काहीही सांगा, ती चाल बंद करा.

मी बर्डेटला सोडलेलं नाही. पण असं नको.

व्हेरोना

*

वेक्सली
९ नोव्हेंबर

वहिनी,

मी सांगितलं. प्रेंटिस म्हणाले, "म्हाताऱ्या, तू मागच्या वर्षीही नंतर रडत आला होतास."

आता तुम्हाला सांगायलाच हवं. हे पत्र मी तीनदा फाडलं.

गेल्या वर्षी त्या रविवारी मी तुमच्याकडून परत आलो. सोमवारी मी प्रेंटिसना सांगितलं की थॉर्नबीचा एकाहत्तर माझा पुतण्या आहे, त्याचं डोकं ठीक नाही, जेवताना उठून ओकत होता, आपल्या पोरांना सांगा त्याला जरा सांभाळून घ्या. शप्पथ, मी सांभाळून घ्या असंच म्हणालो. ते म्हणाले, बरं केलंस सांगितलंस. गुरुवारी पहिल्या चेंडूपासून ते मिलानवर गेले. तिसऱ्या वेळी मला कळलं. मी पाण्याची बादली घेऊन बाकाशेजारी उभा होतो. मी धावत जाऊन पंचाला सांगू शकलो असतो. मी बादली घट्ट धरून उभा राहिलो. तो पडला तेव्हा आमच्या बाकावर टाळ्या पडल्या.

तुम्ही सप्टेंबरात पत्र पाठवलंत तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. पण का नाही, हे तुम्ही विचारलं असतं. म्हणून हो म्हणालो.

पाय उचलत नाहीत ते यामुळे.

ओंद्रेय

*

थॉर्नबी
१६ नोव्हेंबर

ओंद्रेय,

एक आठवडा मी तुमच्या पत्राला हात लावला नाही. तुमच्याविषयी काय वाटतं ते लिहायला बसले तर हे पान जळेल. ते नंतर. आधी काम.

मी एका बर्डेटला जबाबदार धरत होते. आता चौघं आहेत: दोघं कोच, एक तुम्ही आणि एक मी. बर्डेटने लपवलं, प्रेंटिसने वापरलं, तुम्ही गप्प राहिलात, आणि मी धुतलं. मॅच हरून यातलं काय फिटणार? बर्डेट हरला तर प्रेंटिस जिंकेल आणि पोतं पुन्हा शिवायला तुमच्याकडे येईल.

पोरांचे स्वतःचे कपडे घरी धुवायला जातात हे तुम्हाला ठाऊक आहे. पट्टा आवळलेली पुठ्ठ्याची पेटी, वर खिडकीत कार्ड, एका बाजूला कॉलेजचा पत्ता, दुसऱ्या बाजूला घरचा. आई धुते, घडी करते, आत बिस्किटं ठेवते, कार्ड उलटं करते आणि टपालात देते. पोराकडून आईला दुसरं काही येवो न येवो, ती पेटी येते. इथल्या सगळ्या पेट्या टपालाच्या गाडीसाठी माझ्याच खिडकीपाशी ठेवतात.

दोन नोव्हेंबरपासून मी काही गोष्टी धुतलेल्या नाहीत. बदली अभ्रे देते आणि मूळचे बॉयलरमागे ठेवते. डेलचे तीन आहेत. चौसष्टचा शर्ट, तेहतीसच्या बाह्या, हेल्मेटच्या गाद्या, नऊ पोरांचं साठलंय. शुक्रवारी ते त्यांच्या पेट्यांत जाणार. सोबत एक चिठ्ठी, नावानिशी: "हे तुमच्या मुलाचं आहे. मी ते धुतलेलं नाही. गेल्या वर्षी माझ्या मुलाचं धुतलं होतं. व्हेरोना हुडाक, मिलानची आई."

वेक्सलीतल्या पेट्या तुमच्या सामानघरातून जातात. मी तुम्हाला विनंती करत नाही.

व्हेरोना

*

वेक्सली
२३ नोव्हेंबर

वहिनी,

शनिवारी अकरा पेट्या गेल्या. बरगड्यांच्या पट्ट्या, मोडलेल्या बोटांचे मोजे, सगळं. चिठ्ठीवर मी माझं नाव घातलं आणि खाली लिहिलं, मिलानचा काका.

आज दुपारी एका आईचा प्रेंटिसना फोन आला. तासाभरात माझ्या किल्ल्या काढून घेतल्या. एकवीस वर्षांच्या किल्ल्या होत्या, कमरेला हलकं वाटतं. गुरुवारी मी बसमध्ये नसेन. निघताना पोतं घेऊन आलो. मागच्या अंगणात जाळलं, वाळू तशीच राहिली.

ओंद्रेय

*

थॉर्नबी
३० नोव्हेंबर

ओंद्रेय भावोजी,

तुम्ही नव्हतात, म्हणून सांगते.

गुरुवारी सकाळपासून धुकं होतं, तरी दोन्ही बाजूंचे बाक भरले होते. बँड वाजत होता. बर्डेटने नवा उंटाच्या रंगाचा कोट घातला होता. मी मिलानला घेऊन कुंपणाशी उभी होते. पहिल्यांदाच शनिवार नसताना त्याला म्हटलं की हो, आज शनिवार.

टीम मैदानावर आली आणि नाणं उडवायच्या आधी एक बाई रबरी बूट घालून थेट मैदानातून चालत आली. मागे तिच्या ट्रकचं दार उघडंच होतं. ओपल रुपर्ट. हातात अभ्रा, झेंड्यासारखा नाही, जेवणाचा डबा न्यावा तसा गुंडाळलेला. बर्डेट हसून म्हणाला, "मॅडम, बायकांची जागा वरच्या बाकांवर आहे." तिने अभ्रा उलगडला आणि त्याच्या हातातल्या चालींच्या फळीवर पसरला. म्हणाली, "कोच, वास घ्या."

बँड थांबला. मला वाटतं, तुतारीवाल्यालाच आधी कळलं. बर्डेटने मान फिरवली. तिने फळी त्याच्या तोंडाकडे ढकलली. "मी चाळीस गाईंचं शेण काढते, मला चालतो. तुम्हीही घ्या." मग ती बाकाकडे वळली आणि म्हणाली, "डेल, ऊठ. घरी चल." तो उठला, चार पावलं चुकीच्या दिशेला गेला. सगळ्या गावाने ते पाहिलं. ओपलने त्याला कोपराला धरून वळवलं.

त्यानंतर बायका उतरू लागल्या. आमच्या बाजूने सात. मग पलीकडून, तुमच्या बाजूने, आठ. कोणाच्या हातात शर्ट, कोणाच्या हातात पट्ट्या. कोणीही ओरडलं नाही. एका आईला तिचा पोरगा सारखा म्हणत होता, "मम्मी, लोक बघताहेत," आणि ती म्हणत होती, "त्यासाठीच आलेय." दोन्ही कोच मैदानाच्या मधोमध पंचाशी हुज्जत घालत राहिले. जे प्रेंटिस तुमच्या बादलीजवळ इतके शूर होते, ते म्हणत होते की माझ्याकडे अजून तेराजण आहेत, खेळू. शेवटी कॉलेजचे अध्यक्ष पायऱ्या उतरून आले, फळीवरचा अभ्रा दोन बोटांनी उचलला, पुन्हा ठेवला आणि म्हणाले, आज मॅच नाही. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

शनिवारी बर्डेटला काढलं. वेक्सलीत प्रेंटिसची चौकशी चालू आहे. माझी नोकरीही गेली, हे सांगायला बर्डेट स्वतः आला, तोच कोट घालून. म्हणाला, "मी तुमच्यावर उपकार केले होते. तुम्हाला पाहिजे तरी काय होतं?" मी म्हटलं, "गेल्या वर्षी सोमवारी, फोनवर, हेच विचारायचं होतंत."

भावोजी, मला वाटलं होतं त्या क्षणी माझी छाती हलकी होईल. झाली. खोटं का बोलू? तो दारातून गेला तेव्हा मी संपानंतर पहिल्यांदा गाणं म्हटलं.

पण एक राहिलं होतं. गुरुवारीच मी ओपलच्या ट्रकपाशी गेले आणि तिला सांगितलं की तुझ्या पोराचा नंबर पलीकडे मीच कळवला होता, एकाहत्तरवर जा असं मीच लिहिलं होतं. तिने माझ्या तोंडात मारली, गाई ओढणाऱ्या हाताने. मग डेलच्या अंगातून शर्ट काढला, माझ्यावर फेकला आणि ट्रक सुरू केला. तो शर्ट माझ्याकडे आहे. काळे चार टाके अजून तसेच. धुतलेला नाही. डेल डॉक्टरकडे आहे, बरा होईल म्हणतात.

ती थप्पड मला मिळाली, म्हणून मी आज तुम्हाला लिहू शकते. तुम्हाला अजून मिळालेली नाही.

ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे एक ताट जास्तीचं मांडतात, न सांगता अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. यंदा ते तुमचं. तुमची नोकरी नाही, माझी नाही, घरात खोली रिकामी आहे, येऊन राहा. मध लावलेले पातळ पापुद्रे, मशरूमचं सूप, खसखशीचा रोल, सगळं करीन. आणि जेवायच्या आधी मिलानच्या समोर बसून त्याला सांगायचं की तुम्ही कोण, त्या सोमवारी कोणाला काय सांगितलंत, आणि बादली घेऊन कुठे उभे होतात. सगळं, त्याच्या डोळ्यांकडे बघून.

तो चांगला पोरगा आहे. तुम्हाला जवळ घेईल आणि म्हणेल, काका, जाऊ द्या.

सकाळी तो उठेल तेव्हा त्याला काहीच आठवत नसेल. आज शनिवार ना, असं विचारेल. मग तुम्ही पुन्हा सांगायचं. परवा पुन्हा. मी शेजारी चूल पेटवत असेन आणि एकही शब्द गाळू देणार नाही. तो तुम्हाला रोज माफ करेल.

मी ऐकत असेन.

व्हेरोना